समोरच्या काकांचा किल्ट

मोजल्याशिवाय आमच्या समोरच्या घरातल्या काकांनी या जगातली एकही गोष्ट मान्य केलेली नाही. इथे अमेरिकेत, ट्रॉय शहरातल्या एका कारखान्यात गाड्यांचे गिअर तपासता तपासता ते रिटायर झाले, पण खिशातला जाडी मोजायचा व्हर्नियर काही रिटायर झाला नाही. आमच्याकडे जेवायला आले की पहिली पोळी ताटात पडण्याआधी व्हर्नियरमध्ये जाते. "दोन पॉइंट एक. उत्तम," असं ते म्हणाले की माझी बायको सुटकेचा निःश्वास टाकते.

काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं तेव्हापासून काकांना एकच धास्ती होती, की आईने करायचं काहीतरी राहून जाईल. त्यांनी चार पानी यादी केली होती. काकूंना कधीच यादी लागली नसती, हे तेच सगळ्यांना सांगत.

जावई स्कॉटिश वंशाचा. त्यांच्याकडचे पुरुष लग्नात किल्ट, म्हणजे तो चौकटीचा, निऱ्यांचा लोकरी घागरा घालणार, असा निरोप आला. मुलगी म्हणाली, "बाबा, यू डोन्ट हॅव टू. सूट इज फाइन."

"व्याही किल्टमध्ये आणि मी पँटमध्ये? बरं दिसत नाही ते," काका म्हणाले.

मी त्यांना किल्ट भाड्याने देणाऱ्या दुकानात घेऊन गेलो. तिथे प्रत्येक घराण्याच्या चौकटी वेगळ्या. म्हाताऱ्या दुकानदाराने घराणं विचारलं. काकांनी आडनाव, मूळ गाव, कुलदैवत आणि तिथे जायचा रस्ता, सगळं सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि कुणालाही चालणारा हिरवा-निळा किल्ट काढला. काकांनी निऱ्या मोजल्या. "सत्तावीस. चौदावी दीड मिलिमीटर जास्त आहे." दुकानदाराने टेप लावून पाहिली आणि तो खुर्चीवर बसला.

दोन दिवसांनी काकांचा फोन. "अहो, जरा गडबड झालीय." नवा कपडा घरात आला की काकू त्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावून मगच घालायला द्यायच्या. काकांनी किल्ट काकूंच्या फोटोसमोर ठेवला आणि तसंच बोट लावलं. तो भाड्याचा आहे हे ते साफ विसरले होते. लोकरीवरची हळद काही निघेना, आणि डागाचा किल्ट दुकानदार परत घेईना. शेवटी काकांनी तो विकतच घेतला. त्या हळदीचं माप मात्र त्यांनी घेतलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या दाराशी मुलीला तो पिवळा ठिपका दिसला. "बाबा, इज दॅट हळद?"

"तुझी आई लावायची ना," काका म्हणाले. "म्हणून मी लावली."

गुडघ्यावर बसून तिने बापाच्या किल्टच्या निऱ्या नीट केल्या, चौदावीसुद्धा.

आत जाण्याआधी काकांनी मागे वळून मला हळूच विचारलं, "काही राहिलं नाही ना हो?"

मला कसलंच माप कळत नाही. तरी मी म्हणालो, "नाही काका. काही राहिलं नाही."