शेंदराखालचा देवमासा

बातमी पेपरात चांगली ठळक होती: उरणजवळच्या देवळात लाखो वर्षांपूर्वीच्या, आता नामशेष झालेल्या देवमाशाचा जबडा. सोबत फोटो. त्यात जबडा कमी आणि हार घातलेले पुढारी जास्त. खाली जातीचं नाव छापलं होतं, सीटोथेरियम. मी बायकोला सांगितलं, "उद्या दुकान बंद. उरणला जातोय."

"माशाचं हाड बघायला?"

"देवमासा मासा नसतो."

हे वाक्य लग्नापासून ती ऐकत आली आहे, त्यामुळे वाद न घालता तिने डबा भरला.

माझं वाशीला चष्म्याचं दुकान आहे. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. देवमाशांविषयी जे कळतं ते फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून, मांडीवर डिक्शनरी घेऊन मिळवलेलं. म्हणूनच पदवीवाल्यांनी उडत उडत नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. सीटोथेरियम म्हणजे तोंडात दातांऐवजी गाळणीसारखी झालर असलेल्या देवमाशांचा एक जुना, लहानखुरा गट. अख्खं जनावर जीपगाडीएवढं. खालचा जबडा कवटीला जिथे अडकतो, तिथे त्याचा खालचा कोपरा टाचेसारखा मागे निघालेला असतो. आजच्या देवमाशांत ही टाच अशी बाहेर येत नाही. हाड तुटकं असलं तरी ती टाच बघायची, बाकी भाषणं नकोत. शिवाय आपल्याकडचा काळा कातळ देवमाशांच्या कितीतरी आधीचा आणि खाडीचा गाळ अगदी अलीकडचा. मधल्या काळाचं हाड इथे येणार कुठून? पण एवढा विचार कोण करतो!

जायचं असेल तर वाशीहून पनवेलची एसटी धरा आणि तिथून उरणची. ऐंशी साल उलटलं, तरी या नव्या शहरात रस्त्यांपेक्षा पाट्याच जास्त. 'नियोजित उद्यान' या पाटीखाली म्हशी बसल्या होत्या. त्यांच्यापुरतं उद्यान झालेलंच आहे. पनवेलच्या स्टँडवर चहा पिऊ नका. मी प्यालो, आणि तो चहा आहे हे त्याच्या किमतीवरूनच कळलं. पुढे जासईनंतर मिठागरं लागतात, पांढरे ढीग उन्हात डोळ्यांवर येतात. गॉगल घेऊन जा. हे मी दुकानदार म्हणून सांगत नाही.

उरणहून द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्यापर्यंत पायी गेलो. तिथे कोळ्यांचं एक गाव आहे, आणि धक्क्याजवळ कौलारू देऊळ. दारात एक म्हातारी सुकट पाखडत बसली होती. गावच्या मोठ्या नाखव्याची, म्हणजे होडीमालकाची, ती आई. सगळे तिला हिराबाय म्हणत.

"तुमी पन न्येवाला आलाव का?" तिने मान वर न करता विचारलं.

"मी बघायला आलोय. नेणार कोण?"

"परपेसर. उंद्या टरक येनार हाय."

तिचा मुलगा गणा नाखवा बाहेर आला आणि त्याने सगळं उलगडून सांगितलं. शहरातल्या एका प्राध्यापकांनी फोटो पाहून हाड लाखो वर्षांचं ठरवलं. गाव फुगलं. शेजारच्या गावाला जळवायला यांनी पेपरवाले बोलावले, पेढे वाटले. मग कळलं की एवढी जुनी वस्तू गावात ठेवत नाहीत, ती शहरात काचेच्या पेटीत जाते. आणि इथे तर मोसमाची पहिली होडी सोडण्याआधी तिचा दोर या हाडाला लावल्याशिवाय कुणी समुद्रात जात नाही.

"आमीच नाचलो," नाखवा म्हणाला. "आता नाय कसा म्हनायचा?"

"पेढे कुनी वाटले? तूच ना, गन्या?" म्हातारीने सूप आपटलं. इकडच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, हाडाचं हार आणि होडीची होरी. "हार गेला तं होऱ्या कशाला लावून सोरशील? पेढ्याचे खोक्याला?"

मी आत गेलो. चौथऱ्यावर हातभर लांबीचा जबड्याचा मागचा तुकडा, शेंदराने लालभडक. मी वाकलो आणि तसाच राहिलो. टाच होती! अगदी पुस्तकातल्या चित्रातली, मागे निघालेली. पेपर खरा, प्राध्यापक खरे, कातळ आणि गाळ दोन्ही खोटे. ज्या जनावराचं मी आयुष्यभर फक्त चित्र पाहिलं, ते इथे सुकटीच्या वासात पडलं होतं.

मग सवयीने भिंग काढलं. टाचेचा टवका एके ठिकाणी उडाला होता, आणि आत कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते, एकावर एक. हाड असं वाढत नाही. हाड थोडं कलतं ठेवलेलं. वर्षानुवर्षं वरून चढवलेला तेल-शेंदूर ओघळत मागच्या खालच्या कोपऱ्याशी थिजत गेला होता. प्राध्यापकांनी ज्या टाचेवरून जात ठरवली, ती गावाने पूजा करून घडवली होती.

बाहेर येऊन सांगितलं, "हाड जुनं नाही. शेंदूर काढला की सिद्ध होईल."

आता हाड गावातच राहणार म्हणून कुणी खूश होईल असं वाटलं होतं. "म्हंजे आमचा देव कालचा?" एकाने अंगावर येऊन विचारलं. दुसरा म्हणाला, "यो सायेब बाजूच्या गावानी धारला असल."

रात्री नाखव्याकडे जेवलो. बोंबलाचं कालवण असं की त्यासाठी पनवेलचा चहाही माफ.

सकाळी ट्रक आला, प्राध्यापकही आले. मी भांडणाची पूर्ण तयारी ठेवली होती. टाच शेंदराची आहे, खरवडून बघा, एवढंच आधी म्हणालो. पण देवाच्या अंगाला हात लावायचा तर कौल हवा. गावात कौल लावणाऱ्या भगताने हाडाच्या दोन्ही बाजूंना जास्वंदीची एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर देवाचा होकार. म्हणजे प्राणिशास्त्राचा निकाल आता पाकळीवर!

"देवा, तुला खरवडू का?" भगताने विचारलं. डावी पडली.

"संपला," नाखवा पुटपुटला. ट्रकवाल्याने हाड बांधायला दोर काढले.

"थांब रं!" हिराबाय पुढे झाली. "असा इचारतान का? तुला कोनी खरवडू का म्हनला तं तू व्हय बोलशील?" तिने पाकळ्या पुन्हा लावल्या. "देवा, तुझा जुना कपरा उतरवू का? नवा नेसवीन."

उजवी पडली. विज्ञानाच्या इतिहासात एवढा चतुर प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

कोमट तेल सोडून, लाकडी पाचरीने भगताने कडा सैल केल्या. कवच मोठ्या फोडींत सुटलं, आणि टाच अख्खीच्या अख्खी त्याच्या हातात आली. खाली पिवळट, सच्छिद्र हाड. ना दगड झालेलं, ना टाच असलेलं. आजच्याच समुद्रात फिरणाऱ्या देवमाशाचं.

प्राध्यापकांनी भिंग मागून घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि मोठ्याने हसले. "फोटोवरून बोललो, हे चुकलंच माझं. ट्रक रिकामा जाऊ दे." रात्रभर पाठ केलेले माझे टोमणे तोंडातच राहिले. चुकलेल्या माणसाने इतक्या सहज मान्य करणं हा बोलणाऱ्यावर अन्यायच आहे.

गावकऱ्यांची तोंडं मात्र उतरली. नवसाचा देव एकदम साधा झाला होता.

हिराबायने नवा शेंदूर कालवायला घेतला. "तोंडा कशाला पारलीत? होरी बुरताना तुमी देवाचा वय इचारता काय?"

मग कुणीतरी हसलं आणि माणसं कामाला लागली. जुनं कवच नाखव्याने होडीतून नेऊन समुद्रात सोडलं. टाचेचा एक तुकडा मी मागितला होता. नाही म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

परतताना एसटी जासईला बंद पडली. ड्रायव्हर, कंडक्टर, सगळ्यांच्या मते दोष दुसऱ्याचा. घरी पोचलो तेव्हा बायको भाजी निवडत होती.

"काय निघालं?"

"आजचंच. मी म्हणालो होतो तेच."

"मग जिंकलात की. चेहरा का असा?"

मी भाजीची एक जुडी माझ्याकडे ओढली. गावाला देव राहिला, प्राध्यापकांची एक चूक सुधारली, माझा शब्द खरा ठरला. तुम्ही गेलात तर बोंबलाचं कालवण जरूर खा, हाडही बघा, नव्या शेंदरात छान दिसतं. पण टवका दिसण्याआधी, वाकलेलो असताना, ते चित्रातलं जनावर क्षणभर माझ्यासमोर खरं होतं. त्या क्षणासाठी प्राध्यापकांपुढे सगळ्या गावादेखत खोटा ठरायला माझी काही हरकत नव्हती.