शिव्यांवर वाढलेली पिल्लं

मखमलाबादला मळ्याच्या रस्त्यानं नवसाबाईचं घर कुठलं, असं विचारायची वेळ कुणावर येत नाही. उभं राहायचं आणि कान द्यायचा. जिकडून तोंडाचा पट्टा ऐकू येईल, तिकडं वळायचं. सकाळी फुलं तोडणाऱ्या बायकांवर, दुपारी वीज गेली म्हणून वीजवाल्यांवर, संध्याकाळी भाव पडला म्हणून व्यापाऱ्यावर. आणि कुणीच सापडलं नाही तर दोरा गुंतला म्हणून सुईवर. बाईचा राग शिळा म्हणून कधी होत नाही.

पण ती काही अशी जन्मली नव्हती, हेही सांगायला हवं. नवरा, बहिरू, जिवंत होता तोवर तिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नव्हता. तो गेला, आणि बाराव्याच्या पंगतीची भांडी घासून होतायत तोच धाकट्या दिरानं, ज्ञानेशनं, तिच्या वाटणीच्या तुकड्यात ट्रॅक्टर घातला. "वहिनी, तुम्हाला कुठं झेपणार," म्हणे. मोठा कनवाळू! नवसाबाई विळा घेऊन बांधावर उभी राहिली आणि तोंडाला येईल ते बोलत सुटली. आयुष्यात पहिल्यांदा बोलली, आणि ट्रॅक्टर माघारी गेला. गप्प बसणाऱ्या बाईच्या शेतात कुणीही नांगर घालतो, हे तिला तेव्हा कळलं. त्यानंतर ती गप्प बसलीच नाही.

दिराचं घर त्याच अंगणात. झेंडू भरायची शेड दोघांची मिळून. त्या शेडमध्ये रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागं एका रानटी मांजरीनं पिल्लं घातली. फुलांची पिकअप मागं घेताना मांजरी चाकाखाली गेली आणि दोन पिल्लं उरली, एक बोका आणि एक भाटी. चांगली दात फुटलेली, पळती. माणूस दिसला की पाठीची कमान करून थुंकायची. ज्ञानेश गोणी घेऊन धरायला गेला तर बोक्यानं त्याचा अंगठा फोडला.

"फुलांत घाण करत्यात," तो अंगठा चोखत म्हणाला. "मारलीच असती, पण मांजर मारलं की सोन्याचं मांजर घेऊन काशीला जावं लागतं."

"मग जा की! तेवढीच इथली ब्याद जाईल," नवसाबाई म्हणाली.

तिनं जुनी गोधडी टाकून दोन्ही पिल्लं धरली. हातावर ओरखडेच ओरखडे. न्हाणीघरात त्यांना कोंडलं आणि दारापाशी पाट टाकून, त्यांच्याकडं पाठ करून, हार ओवत बसली. सुक्या बोंबलाचा तुकडा आधी लांब ठेवायचा, मग पायाशी, मग तळहातावर. घाई करायची नाही, डोळ्यात डोळा घालायचा नाही. एवढं सगळं ती बरोबर करत होती. फक्त तोंड बंद ठेवणं तिला जमणार नव्हतं. "ये की मुडद्या, काय आमंत्रण छापू तुला? ए सटवे, खा! आई मेली म्हणून मरायचं असतं व्हय? मी मेले का? तुझ्या त्या काळ्या तोंडात माती घालीन, खा म्हणते ना!" असं दिवसभर चालायचं. पिल्लांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! त्यांना वाटलं असेल, माणूस असाच बोलतो. आवाज चढायचा पण हात कधी उगारला जायचा नाही, आणि आवाज आला की बोंबील यायचा. एके दिवशी सटवी येऊन तिच्या मांडीवर चढली आणि घुर्रघुर्र करत झोपली. नवसाबाईचे पाय मुंग्या येऊन बधिर झाले, तरी ती उठली नाही. शिव्या मात्र देतच राहिली.

तिच्याकडून दर आठवड्याला फुलं नेणाऱ्या प्रतिभा मॅडम शहरात कॉलेज रोडला राहतात, शाळेत शिकवतात. त्यांनी आधी बोका नेला. नाव ठेवलं बिट्टू. दोन दिवसांनी रडवेला फोन.

"मावशी, तो फ्रीजमागून बाहेरच येत नाहीये. काही खात नाही. मी किती प्रेमानं बोलावतेय, सोन्या म्हणतेय, राजा म्हणतेय..."

"सोन्या?" नवसाबाई भडकली. "त्याला काय कळणार सोन्या! तुमचा तो फोन मोठ्यानं लावा आणि त्याच्यापाशी धरा." आणि मग अंगणभर ऐकू जाईल असं ओरडली, "ए मुडद्या! काळतोंड्या! फ्रीजमागं काय तुझी आजी पुरलीय? नीघ बाहेर!"

पलीकडून मॅडमची किंकाळी आली. मुडदा शेपटी ताठ करून बाहेर आला होता.

मॅडमनी हसत हसत ठरवलं, की त्याला सोबत म्हणून सटवीलाही न्यायचं. येत्या रविवारी येते म्हणाल्या. नवसाबाईनं त्या आठवड्यात सटवीला एक शेवटचा धडा दिला. आपल्याखेरीज दुसऱ्या माणसाच्याही हातावर जायचा. तिला शेडमध्ये नेऊन फुलं तोडणाऱ्या बायकांकडून बोंबील भरवून घेतला. सटवी शहाणी. दोन दिवसांत कुणीही हात पुढं केला की नाक लावायला यायला लागली. नवसाबाईला कोण अभिमान!

शनिवारी ती बाजारातून परतली तर न्हाणीघराचं दार सताड उघडं. आत कुणी नाही. तिनं हाक मारली, शेड धुंडाळली, क्रेटची थप्पी उलथून टाकली. ज्ञानेश ओट्यावर चहा पीत बसला होता.

"सोडली तिला," तो म्हणाला. "सायखेड्याला रोपं द्यायला गेलो होतो, पुलापलीकडं सोडली. पाणी ओलांडलं की मांजर माघारी येत नाय. व्यापाऱ्यानं वासापायी आज क्रेट परत केलं, वहिनी. किती दिवस सोसायचं?"

"उद्या जाणार होती ती!"

"तुमचं उद्या लय ऐकलं."

"धरलीस कशी? तुला तर अंगठा फोडून मिळाला होता."

ज्ञानेश हसला. "धरायची काय? हात पुढं केला, आली आपणहून. गोणीत सुद्धा काही बोलली नाय. लय गुणी केली तुम्ही."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. केसानं गळा कापला मेल्यानं, आणि तो केस हिनंच दिला होता हातात! रानटी होती तेव्हा तिला गोणीत घालायची कुणाची छाती नव्हती. थुंकत होती, बोचकारत होती, म्हणून जिवंत होती. नवसाबाईनं तिची नखं काढून घेतली आणि त्याला माया म्हटलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं. बांधावर जे ती स्वतः शिकली, त्याच्या नेमकं उलटं तिनं त्या पोरीला शिकवलं होतं.

ती जाऊन त्याच्या पिकअपमध्ये बसली. "दाखव कुठं टाकलीस."

"आत्ता? अहो, परत तेवढं..."

तिनं गाडीचं दार धाडकन ओढून घेतलं. ज्ञानेश चहा तसाच ठेवून उठला. आडगाव गेलं, चांदोरी गेली, तरी वहिनी गप्प. हे त्याला शिव्यांपेक्षा जड जात होतं.

पूल ओलांडून तो कांदे साठवायच्या एका रिकाम्या चाळीपाशी थांबला. बांबूच्या पट्ट्यांची लांबलचक चाळ, खाली हातभर पोकळी. शेजारी दोन कुत्री आडवी पडलेली. मातीत गुडघे टेकून नवसाबाई चाळीखाली वाकली. आवाज निघाला तो अगदीच निराळा. "ये गं बाळा. ये माझी सोनुली. ये ना." असं ती कुणाशी आयुष्यात बोलली नव्हती. चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेली. आतून काही हललं नाही.

ज्ञानेश मागून म्हणाला, "जाऊ द्या वहिनी. एका मांजरापायी कुठं एवढं! दुसरं धरा. गावात मांजरांना काय तोटा."

झालं! धरणाचं दार उघडावं तसं झालं. नवसाबाई उठली, वळली आणि सुटली. "मुडद्या! काळतोंड्या! दुसरं धरा? भाऊ गेला तेव्हा दुसरा धरलास का रे? त्याची राख थंड व्हायच्या आत बांध नांगरायला आलास, तेव्हा मी बोचकारलं म्हणून वाचले! नाहीतर मलाही घातलं असतंस गोणीत आणि सोडलं असतंस पुलापलीकडं! आपणहून आली म्हणतोस? विश्वासानं आलेल्याला गोणी दाखवतोस? हात झडतील तुझे, सटव्या..."

कुत्री उठून लांब गेली. रस्त्यावरचा एक मोटरसायकलवाला थांबला. आणि चाळीखालून, ज्ञानेशच्या अगदी पायाशी, धुळीनं माखलेलं एक तोंड बाहेर आलं. सटवीनं वर पाहिलं, शेपटी उभी केली आणि समोर जी पोटरी होती तिला अंग घासलं. ती ज्ञानेशची होती. तो जागच्या जागी ताठ झाला. मग अवघडून वाकला आणि त्यानं हात पुढं केला. ती त्या हाताला नाक लावायला गेलीसुद्धा.

"हात लावशील तर बघ!" नवसाबाईनं झडप घालून तिला उचललं आणि पदरात गुंडाळलं. इवल्याशा अंगात काळीज नुसतं धडधडत होतं. "घरी नाय आता. तुझ्या अंगणात ही एक रात्र सुद्धा राहणार नाय. गाडी कॉलेज रोडला घे."

पिकअप पुलावर आली. नवसाबाई बोलतच होती. बांधावरून क्रेटवर, क्रेटवरून सोन्याच्या मांजरावर, तिथून पुन्हा बांधावर. पदरातली धडधड हळूहळू बसत गेली आणि घुर्रघुर्र सुरू झाली. ज्ञानेश समोर बघून गाडी हाकत होता. कान लाल. चांदोरीच्या पुढं तिचा घसा बसला आणि ती श्वास घ्यायला थांबली. समोरून एक ट्रक कर्कश हॉर्न देत गेला. पदर थरथरायला लागला, आतून बारीक, चिरका आवाज आला.

ज्ञानेशनं गाडी हळू केली. त्यानं एकदा पदराकडं पाहिलं.

"वहिनी," तो म्हणाला, "थांबू नका. घाबरतीय ती."

नवसाबाईनं डोळे पुसले आणि बाराव्याच्या पंगतीपासून पुन्हा सुरुवात केली.