गिरजामावशीचा एकटीचा फोटो

रत्नप्रभाला एखादं गाणं आवडलं की ते एकटीने ऐकवत नसे. शेजारी कुणीतरी हवं आणि त्या कुणीतरीने योग्य जागी मान डोलवायला हवी, तरच ते गाणं तिच्या अंगी लागे. पुस्तकाचं तसंच, लिपस्टिकच्या नव्या रंगाचं तसंच, शेवग्यावर बसलेल्या पाखराच्या फोटोचंही तसंच. असा स्वभाव घेऊन बाई जन्माला आली, आणि उतारवयात वाट्याला आलं किन्हवलीच्या पुढचं रस्त्याकडेचं ऐसपैस घर. त्यात माणूस एकच.

नवरा महेंद्र होता तोवर निभावत होतं. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे, पण पेपरातून डोकं वर न काढता ‘हां, मस्त आहे’ म्हणायला तो कधी चुकला नाही. तेवढ्यावर रत्नप्रभाने सगळा संसार केला. तो गेला. मुलगी संघरत्ना बंगळुरूला, नोकरीत आकंठ बुडालेली. आईने हौसेने काढलेलं चित्र पाठवावं, तर तिकडून एक पिवळा अंगठा येई. रत्नप्रभा त्या अंगठ्याकडे बघत बसे. पोरगी प्रेमळ होती हो, पण अंगठ्याशी बोलणार काय?

जन्मभर ती सरकारी आरोग्य केंद्रात नर्स. किन्हवलीपासून धसईपर्यंत निम्म्या पोरांच्या दंडावर तिच्या सुईची खूण. ताप आला, सिस्टरला बोलवा. बाळ अडलं, सिस्टरला बोलवा. निवृत्त झाल्यावरही बोलावणी थांबली नाहीत, पण ती तापाची. पाखराचा फोटो बघायला कोण येणार? तिने तोही प्रयत्न करून पाहिला. महिला मंडळाच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि सुप्रभातचे संदेश यांच्या गर्दीत तिने आपला खंड्या टाकला, पाण्यावर झेपावतानाचा. दिवसभर कुणी चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी मंडळातल्या सावळीचा निरोप आला, “सिस्टर, कुनाचा वाढदिवस हाय का?”

मग गिरजामावशी आली. रस्त्यापलीकडचं घर तिचं. मुलगा जगदीश, सून अनिता, भाताची शेती, मागे वालाचा मळा. म्हातारी बीपी तपासायला म्हणून आली ती पट्टा सोडवल्यावरही उठेना. कोपऱ्यात गाणं लागलं होतं. म्हातारीने डोळे मिटले आणि बरोबर ज्या जागी रत्नप्रभाला ते गाणं सगळ्यात जास्त आवडे, त्याच जागी मान हलवली.

“परत लाव ना गो,” मावशी म्हणाली.

झालं. त्या दिवसापासून दुपारची जेवणं उरकली की मावशी रस्ता ओलांडायची. मावशीला अक्षरओळख नव्हती, म्हणून रत्नप्रभा कादंबरी मोठ्याने वाची आणि मावशी त्यातल्या माणसांशी भांडे. “सोड त्या मेल्याला! माहेरी जा सरळ!” असं ती नायिकेला ओरडून सांगे. रत्नप्रभा चित्र काढायला बसली की मावशी शेजारी बसून चुका काढी. बैलाच्या पाठीचा उंचवटा पुढे पाहिजे, तू मागं काढलास. लग्नातली जुनी गाणी मावशी स्वतः म्हणे, रत्नप्रभा ती फोनवर टिपून घेई आणि परत ऐकवी. स्वतःचा आवाज ऐकून मावशी पदराआड हसे. रत्नप्रभाचे ते दिवस इतके चांगले गेले की तिने फोटो ग्रुपवर टाकायचेच सोडून दिले.

एका दुपारी रत्नप्रभा आरशासमोर लिपस्टिक लावत होती. घराबाहेर पडायचं नसतानाही ती लावायची, तिची ती खोड. मावशी बराच वेळ बघत राहिली.

“आमच्या वेळला हळद नि कुंकू. लाली आमी जत्रंत दुसऱ्यांच्या व्हटांवर बघितली.” मग अगदी हळू, “मना पन लाव ना जराशी.”

नवरा नवसू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मावशीचं कपाळ तेव्हापासून मोकळं. रत्नप्रभाने तिला हाताला धरून उठवलं. तोंड धुवायला लावलं, पावडर लावली, काजळाची बारीक रेघ ओढली, ओठांना फिकट गुलाबी रंग दिला. केस विंचरून अंबाड्यावर अबोलीचा तुकडा माळला. मावशी आरशात बघत राहिली आणि म्हणाली, “ही कोन गो भवानी?” त्याच क्षणी, उन्हात दारापाशी उभी असताना, रत्नप्रभाने तिचा फोटो काढला.

तो फोटो तिच्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो होता, हे तिला काढतानाच कळलं. अर्ध्या चेहऱ्यावर हिवाळ्यातलं ऊन, डोळ्यांत मिस्कील हसू, सुरकुती न् सुरकुती दिसते आहे आणि तरी बाई सुंदर. हा फोनमध्ये ठेवून चालणार नव्हतं. ती एसटीने मुरबाडला गेली, मोठा करून घेतला आणि देवजी फ्रेमवाल्याकडे दिला. काळी लाकडी चौकट निवडली. फिकट भिंतीवर काळी उठून दिसते, हे तिचं कलाकाराचं डोकं.

“दिवस कधी हायेत?” देवजीने माप घेता घेता विचारलं. “त्याच्या आदी देतो.”

“कसले दिवस? आजी ठणठणीत आहेत. भाकऱ्या थापतात अजून.”

देवजीचा हात थांबला. “मंग एकटीचा कशाला वो? बाजूला नातवंडं तरी उभी करायची.”

रत्नप्रभा हसली. आणि इथेच ती चुकली. तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. या भागात म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा मोठा फोटो भिंतीवर चढतो तो माणूस गेल्यावर. जित्या माणसाने फोटोत उभं राहायचं ते लग्नाच्या घोळक्यात, मागच्या रांगेत. घरोघरी फिरून तिने असे शेकडो फोटो पाहिले होते, घोळक्यातून कापून मोठे केलेले, खांद्यावर कुणा परक्याचा अर्धा हात राहून गेलेले. मावशीचं तसं होऊ नये, जिवंतपणीच तिला पुरी जागा मिळावी, एवढंच तिच्या मनात होतं. शिवाय आपल्याला आवडलंय म्हणजे समोरच्यालाही आवडेलच, हा तिचा जन्माचा भाबडेपणा.

मावशीला आवडलाही. कागद फाडून ती फोटोकडे बघत राहिली, काचेवरून बोट फिरवलं आणि लाजली. अनिताने मात्र फोटो बघितला, सासूकडे बघितलं आणि ती आत निघून गेली. जगदीश शेतावर होता. फोटो ओटीवर भिंतीला टेकून ठेवला, नवसूच्या हार घातलेल्या तसबिरीच्या बरोबर खाली, कारण तिथेच जागा होती. रत्नप्रभा समोर बसली. मावशी चहा ठेवायला आत गेली.

तेवढ्यात मावशीचा दीर कमळू काठी टेकत आला. पायरीवरच त्याची नजर फोटोवर गेली. त्याने टोपी काढली, हात जोडले आणि त्याचा आवाज फाटला.

“कवा गेली रे वहिनी? मना कुनी सांगितलं पन नाय!”

मावशी चहाचा कप घेऊन दारात उभी. कमळूने तिच्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला. एरवी असल्या गोष्टीवर मावशी हसून लोळली असती. ती हसली नाही. दिराचे आपल्यासाठी जोडलेले हात तिने डोळ्यांनी पाहिले होते. कप तिने खाली ठेवला, निम्मा चहा सांडलेला.

आठवडाही झाला नसेल, मावशी तापाने फणफणली. साधा ताप होता. त्या थंडीत घराघरांत तो फिरत होता, आणि रस्त्याच्या अलीकडून तिचं खोकणं ऐकून रत्नप्रभाला ते कळत होतं. ती थर्मामीटर आणि बीपीचं मशीन घेऊन अंगणात येऊन उभी राहिली, आता बोलावतील म्हणून. या रस्त्यावरच्या कुठल्याही तापाला तिला बोलावलं नाही असं आजवर घडलं नव्हतं. जगदीशने रिक्षा आणली. मावशीला शालीत गुंडाळून बसवलं, शहापूरला नेलं. रिक्षा तिच्या फाटकासमोरून गेली. अनिताने मान दुसरीकडे वळवली होती.

मावशी बरी होऊन आली. दुपारी आपल्या अंगणात बसू लागली, पण रस्ता ओलांडेना. रत्नप्रभा गाणं मोठ्याने लावून बघायची. पलीकडे मान डोलते का, हे इतक्या लांबून दिसत नसे. कादंबरी अर्ध्यावर राहिली होती. ती तिला पुढे एकटीने वाचवेना. वाईट वाटत होतं, रागही येत होता, आणि सगळ्यात जास्त राग स्वतःचा.

मग एके दिवशी अनिता आली, हातात जुन्या चादरीत गुंडाळलेली चौकट.

“सिस्टर, रागावू नका. त्यांना आवडला व्हता तो, खोटं नाय सांगत. पन भ्याल्यात त्या. ‘मी माजी मयत बघितली’ म्हनतात. आमचे ह्ये बोलले, टाकून तर देता येत नाय.” ती घुटमळली. “तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. लागंल तवा आमी येऊ मागायला.”

लागेल तेव्हा म्हणजे कधी, ते दोघींनाही कळत होतं. रत्नप्रभाने दोन्ही हात पुढे केले आणि चौकट घेतली.

तिने ती कपाटामागे ठेवली, तोंड भिंतीकडे करून. आपण काढलेला फोटो कुणीतरी आपणहून मागावा, यासाठी ही बाई जन्मभर तळमळली होती. आता तिच्याकडचा एक फोटो एका घराला नक्की हवा होता, आणि तो मागायला कुणी येऊ नये म्हणून तिचा जीव टांगणीला. पलीकडे भांडं पडलं की ती खिडकीशी जाई. अंगणात मावशीची बैठक दिसली नाही की तिचं जेवण राही.

वालाच्या शेंगा भरल्या होत्या त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी सकाळी फाटक वाजलं. अनिता धावत येत होती, केस मोकळे, पदर खोचलेला.

“सिस्टर! ओ सिस्टर!”

रत्नप्रभाने दाराची चौकट धरली. नजर आपोआप कपाटाकडे गेली.

“विरजन हाय का वाईच? मेल्या मांजरानी दह्याचं मडकंच पाडलं.”

रत्नप्रभा आत गेली. दह्याचं अख्खं पातेलंच उचलून आणलं, अनिताच्या हातात दिलं आणि पदराने डोळे पुसू लागली.

“अवो, येवढं कशाला? चमचाभर पायजे. आनि रडता का?”

“काही नाही गं. मावशी बऱ्या आहेत ना?”

“त्यांना काय झालंय? त्या काय, शेंगा सोलत बसल्यात.”

रत्नप्रभाने रस्त्यापलीकडे बघितलं. मावशी खरंच बसली होती, मांडीवर सूप, मान खाली. तिने वर पाहिलं नाही. मावशीने पुन्हा कधीच रस्ता ओलांडला नाही तरी चालेल, फक्त अशी तिथे बसलेली दिसू दे, असं त्या घडीला रत्नप्रभाला अगदी मनापासून वाटलं. अनिता पातेलं सांभाळत रस्ता ओलांडून गेली. रत्नप्रभा घरात आली, सवयीने गाणं लावलं, आणि पलीकडचा आवाज ऐकू यावा म्हणून पहिलं कडवं संपायच्या आतच बंद केलं.