शेवट ओके

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या घरात अंगारा-धुपारा, गंडा-दोरा कधी शिरलाच नाही. वडील पिंपरीत कंपनीत कामगार होते, घरात सकाळी बुद्धवंदना व्हायची आणि कुणी भुताखेताचं बोललं की ते म्हणायचे, "डोळ्यांनी बघितलंस का? नाही ना? मग जेव." मीसुद्धा तसाच. इथं लोकांनी टाकलेले अनुभव वाचून हसायचो. म्हणून हे लिहायला मला सात-आठ महिने लागले... आणि खरं सांगायचं तर भीतीमुळे नाही, लाजेमुळे लागले.

मी चाकणला एका पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला मोशीत. दर रविवारी आम्ही सहा जण माउंटन बाइक घेऊन डोंगरात जातो. म्होरक्या बाळूभाऊ, मोशीचा जुना गाववाला, दुधाचा धंदा. वय पन्नास, पण चढाला आम्हाला रडवतो. ग्रुपमध्ये त्याचा एकच कडक नियम. सगळ्यात मागे जो असेल त्याला 'शेवट' म्हणायचं. त्याच्या गळ्यात शिट्टी. शेवटानं कुणालाही ओलांडून पुढं जायचं नाही. प्रत्येक थांब्यावर बाळूभाऊ ओरडतो, "शेवट?" शेवटानं पुढचे सगळे आलेत हे डोळ्यांनी बघायचं, दोनदा लांब शिट्टी मारायची आणि म्हणायचं, "ओके." मगच पुढं हलायचं.

आमच्यात गंगाधर नवीन होता. परभणीकडचा. आठ वर्षांपूर्वी कंपनीत लागला तेव्हा मापं घ्यायचा व्हर्नियर कसा धरायचा ते मी शिकवलं त्याला. मला दादा म्हणतो. सायकलिंगलाही मीच आणला. आणि गेल्या वर्षी तोच आमच्या लाइनचा टीम लीडर झाला. मी नाही झालो.

चला, ते गिळलं. पण त्या आठवड्यात शुक्रवारी त्यानं माझं चेकशीट उचललं आणि पूर्ण लाइनसमोर म्हणाला, "दादा, ह्या चार पार्टला टिक हाय, पण पार्ट तर अजून ट्रेमधीच पडलेत. न बघता टिक मारू नका." आवाज चढवला नव्हता त्यानं. खरं तेच बोलला होता. पण पोरं हसली राव! त्या दिवशी कंपनीच्या बसमधून मी दोन स्टॉप आधीच उतरलो आणि चालत घरी गेलो. बायकोलासुद्धा सांगितलं नाही का उशीर झाला ते.

तर रविवार. नवरात्राच्या आधीचा. मोशीतून साडेपाचला निघालो, नाशिक हायवेनं चाकण, मग एमआयडीसीतला शेवटचा शेड संपतो तिथून कच्चा रस्ता. पुढं वनखात्याची पाटी, दीडेक किलोमीटर दाट झाडीतला खडा चढ, मग खिंड, आणि खिंडीपलीकडं भामा नदीपर्यंत सुसाट उतार. गवत कमरेएवढं वाढलेलं. वाडीचं नाव देत नाही, उगाच लोक बघायला जातील.

त्या दिवशी शेवट मी होतो.

चढावर गंगाधर मेटाकुटीला आला. सायकलवरून उतरून ढकलत होता. मी मागं मागं रखडत होतो आणि डोक्यात शुक्रवार घुमत होता. तो वळून म्हणाला, "दादा, तुम्ही व्हा पुढं, मी यायलो हळूहळू." मी म्हणायला हवं होतं, नाही बाबा, आज शेवट मी आहे. त्याऐवजी गिअर टाकला आणि एक शब्द न बोलता त्याला ओलांडून गेलो. वाटलं, येऊ दे साहेबांना एकट्याला. नदीवर सगळे नाश्ता करून बसलेले असतील आणि हे धापा टाकत येतील... तेवढीच जिरेल.

खिंडीत बाकीचे उताराकडं तोंड करून उभे होते. बाळूभाऊनं न वळताच विचारलं, "शेवट?"

मी दोनदा शिट्टी मारली. म्हणालो, "ओके."

मागं बघितलंसुद्धा नाही. किती सोपं असतं बघा.

नदीवर पोचलो, डबे सोडले. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. कुणीतरी विचारलं, "गंगा कुठंय रे?" मी म्हणालो, "येतोय, चेन उतरली होती त्याची." दुसरं खोटं. आणखी अर्धा तास गेला. फोनला रेंज नाही. बाळूभाऊ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "खरं सांग. खिंडीत व्हता का त्यो?" मी खाली बघितलं. त्यानं शिवीसुद्धा दिली नाही. नुसती सायकल उचलली.

उलट चढून खिंडीत आलो, पलीकडं उतरलो. हाका मारून घसे बसले. पायवाटेवर ना माणूस, ना सायकल.  त्याची मुलगी पहिलीत आहे, एवढंच डोक्यात येत होतं.

आणि तेव्हा शिट्टी ऐकू आली. दोनदा, लांब. डाव्या हाताला, खालून.

पाचही जणांनी ऐकली. बाळूभाऊनं चमकून माझ्याकडं बघितलं. माझी शिट्टी माझ्या छातीवर लोंबत होती, माझे दोन्ही हात हँडलवर. "गंगाकडं बी शिट्टी हाय व्हय?" त्यानं विचारलं. नव्हती. ग्रुपला शिट्टी एकच.

पुन्हा वाजली. आवाजाच्या रोखानं गवत बाजूला सारत उतरलो, तर पुरुषभर खोल घळ. गवतानं तोंड झाकलेलं, वरून कुणाला दिसली नसती. आत गंगाधर, सायकलीसकट घसरून पडलेला. मांडीचं हाड मोडलेलं, तोंड पांढरंफटक, पण शुद्धीत. हातात काही नाही, गळ्यात काही नाही. मला बघून केवढा वैतागला! "दादा, मधीच कुठं गेलतात? आत्ता तर इथं बसला होतात."

सगळ्यांना वाटलं, भ्रम झालाय. मलाही वाटलं. तेवढ्यात समोरच्या उतारावरून शेळ्या राखणारी एक म्हातारी मावशी खाली आली. आमच्याकडं बघून म्हणाली, "लई लागलं व्हय ओ? म्या मगाधरनं बघतीय. ह्यो पिवळ्या टोपीवाला त्येच्यापाशी बसला व्हता, म्हून म्या आले न्हाई. म्हनलं, मानूस हाय जवळ."

पिवळं हेल्मेट आमच्यात एकट्या माझं आहे.

 झोळी करून त्याला खाली आणला, तिथून टेम्पोनं पिंपरीला हॉस्पिटल. ऑपरेशन झालं, मांडीत रॉड पडला. डॉक्टर म्हणाले, एवढ्या धक्क्यात माणसाला काहीही दिसतं. बरं, गंगाधरला दिसलं. मावशीला कशाचा धक्का बसला होता? आणि शिट्टी ऐकलेले आम्ही पाच जण?

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. ठरवूनच गेलो होतो की सगळं कबूल करायचं. वॉर्डाच्या दारातच त्याची बायको भेटली. "भाऊजी, तुम्ही दोन तास यांच्याजवळ बसून राहिलात, म्हणून..." आणि वाकायलाच लागली. माझ्या पायाशी! मी मागं सरकलो तर भिंत. आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती मला.

ती चहा आणायला गेली. मी स्टुलावर बसलो. म्हणालो, "गंगा, एक सांगायचंय. त्या दिवशी मी..."

"दादा, पुन्हा?" तो हसला. "तिथं घळीत बोललात की सगळं. शुक्रवारचा राग, मला मुद्दाम मागं सोडलं ते, खिंडीत न बघता ओके म्हणलात ते. बसमधून दोन स्टॉप आधी उतरून चालत गेलात, तेबी सांगितलंत. रडलात किती! मी म्हणलो ना तिथंच, जाऊ द्या. माझंबी चुकलं, चारचौघांत नव्हतं बोलायचं. आता संपलं ते. किती बार माफी मागणार?"

बसचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. ओके म्हणालो तेव्हा तो अर्धा किलोमीटर खाली होता.

मी तोंड उघडलं, पण सांगणार काय? मी तिथं नव्हतोच, हे? मग त्यानं माफ कुणाला केलं? मला जे करायला हवं होतं ते सगळं कुणीतरी माझं हेल्मेट घालून करून गेलं. बसलं, रडलं, कबूल झालं. माझ्यापेक्षा चांगला माणूस होता तो, जो कोण होता तो. तोवर त्याची बायको चहा घेऊन आली आणि मी कप हातात घेतला. चहा प्यायलो.

नंतर मी एकटा दोनदा त्या घळीत जाऊन बसलो. गवत, दगड आणि वारा. काहीही नाही. मावशी भेटली, तिनं मला लगेच ओळखलं. बाळूभाऊ तो विषयच काढत नाही, आणि त्यानंतर त्यानं मला एकदाही शेवट ठेवलेलं नाही.  तुमच्यापैकी कुणाकडं याचं उत्तर असेल तर सांगा.

गंगाधर आता काठीशिवाय चालतो. गेल्या रविवारी स्कूटरवरून आमच्या चहाला आला होता. ग्रुपमध्ये एक नवीन पोरगा आलाय, त्याला तो पूर्ण गोष्ट सांगत होता. घळ, शिट्टी, आणि दादा दोन तास हात धरून कसे बसले होते ते. बाळूभाऊ कपात बघत होता. पोरगा माझ्याकडं वळला, डोळे मोठे करून म्हणाला, "खरंच का ओ दादा?"

मी म्हणालो, "हो."