चाकांवरच्या खोलीत मांय आणि मी

मोरजीत पर्यटकांचा सीझन लागला की घरं पाहुण्यांची होतात आणि घरची माणसं मागच्या दारी जातात. कोणी गोठा सारवून घेतं, कोणी पडवीला ताडपत्री लावतं, कोणी नारळ ठेवायच्या खोपीत चार महिने काढतं. यात कोणाला लाज वाटत नाही, कारण सगळ्यांच्याच घरी तसं असतं. शेजारीण मागच्या विहिरीवर भेटली की विचारते, "औंदा तुमी खंय निजतात?" आणि आपण हसून सांगायचं.

खाणी बंद पडल्या त्या वर्षी आमच्याही तिन्ही खोल्या भाड्याने गेल्या. माझा नवरा शिरगावच्या खाणीवर मालाचा ट्रक चालवायचा. ट्रक स्वतःचा होता, त्याचा आम्हाला केवढा अभिमान! तो ट्रक येऊन अंगणात उभा राहिला तो राहिलाच. मुलगी लग्न होऊन सावंतवाडीला गेली होती. घरात आम्ही तिघं, म्हणजे नवरा, मी आणि माझी सासू. तिला आम्ही सगळे मांय म्हणायचो.

तेव्हाच कोणी एक गोरं जोडपं गावात अडकलं होतं. त्यांच्या गाडीमागे एक चाकांवरची खोली होती, झोपायची. गाडी बिघडली, त्यांना परतायची घाई, त्यांनी ती खोली विकायला काढली आणि नवऱ्याने ती घेतली. टेम्पोला दोर बांधून, पुढे मागे पोरांची वरात घेऊन, ती आमच्या मागच्या दारी आणली. माडाखाली ठेवली तर नारळ पडून छप्पर फुटेल म्हणून काजूच्या झाडाखाली उभी केली. किती हौस त्याला! फडका मारून पुसली, आत बल्ब लावला, गादीला नवी खोळ घातली. "मांय, तुज्यासाठी बंगलो हाडला," म्हणाला. गावाने तिचं नाव लगेच ठेवलं, डबो.

आत काय होतं? एक आतली फळी, एक दाराकडची फळी, मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. छप्पर असं की उठून बसलं तर केस घासायचे. एक प्लास्टिकची खिडकी होती, ती मूठ फिरवून जेमतेम बोटभर उघडायची. दार अरुंद, बाहेर उघडणारं. मांय आतल्या फळीवर, मी दाराकडच्या. नवरा ट्रकच्या केबिनात निजायचा. त्याचं अर्धं आयुष्य केबिनात गेलेलं, त्याला कुठे काय?

पहिल्या रात्री दार लावलं आणि मला काय झालं ते मलाच कळलं नाही. छप्पर खाली येतंय असं वाटलं. छातीवर कोणी बसल्यासारखं. हवा आहे, नाकाला लागतेय, पण आत जात नाही. मी दार ढकलून बाहेर पडले ती थेट विहिरीच्या कठड्याला मिठी मारून उभी राहिले. अंग घामाने निथळत होतं. देवा रे, मी मेलेच, एवढंच मनात. आयुष्यात तोवर मी कशाला भ्यायले नव्हते. सापाला काठी घातलेली बाई मी, आणि एका डब्याने माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

नवरा म्हणाला, "सवंय जातली." सवय कसली होते, जळली मेली! दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळ झाली, काजूची सावली त्या पत्र्यावर लांबली, की माझी कामं वाढायची. जेवण उतरायचं नाही. भांडी मुद्दाम हळू घासायची, आधीच झाडलेलं पुन्हा झाडायचं, म्हणजे निजायची वेळ पुढे जाईल. चुलत जाऊबाईने दिष्ट काढली. एका भल्या माणसाने सांगितलं, त्या डब्यात कोणी परका मेला असेल, भुतं काढणाऱ्या घाडीला दाखवा. पेडण्याच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि म्हणाला, बंद जागेची भीती आहे, बंद जागेत जाऊ नका. हे बरं सांगितलं! माझ्या घरात उघड्या जागा होत्या, पण त्यांत रशियन झोपत होते.

मी चिडायचे, आदळआपट करायचे. नवऱ्याला म्हणायचे, "तुमी निजा त्या डब्यात, मी ट्रकात निजते." एकदा निजलेही. केबिनाच्या काचा खाली केल्या तर डासांनी फोडून काढलं, वर केल्या तर पुन्हा तेच छातीवरचं ओझं. आणि मांयला एकटी कशी सोडायची? तिला रात्री उठायला आधार लागायचा. मुलाचा हात तिला चालायचा नाही, लाजायची. म्हणजे मी फिरून डब्यातच.

मांय मात्र कधी कुरकुरली नाही. उलट माझी थट्टा करायची. "अगो, घोवाक भियेना, सासवेक भियेना, आनी पत्र्याक भियेता?" पण मी धापा टाकायला लागले की तीच उशाखालची पिशवी चाचपडायची आणि भिरंडीचं, कोकमाचं सोल माझ्या हातात द्यायची. "चघळ. तोंडाक पाणी सुटलां की गिळचें पडटा, गिळलां की सांस येता." खरंच यायचा. आंबट तोंडाने, गाल त्या प्लास्टिकच्या खिडकीला लावून, बोटं फटीतून बाहेर काढून मी पडून राहायचे. बोटांना बाहेरचा गारवा लागला की वाटायचं, माझा एवढा तरी भाग सुटलेला आहे. पुढे आम्ही दाराला विहिरीचा जुना दोर बांधला आणि हातभर फट ठेवून निजायला लागलो. त्या फटीवर मी बरेच दिवस काढले.

मग थंडी पडली. मोरजीत थंडी ती काय, पण पहाटेचं दंव आणि समुद्रावरचा वारा सरळ त्या फटीतून आत यायचा. मांय खोकायला लागली. आधी पहाटेची, मग रात्रभर. एका शब्दाने म्हणाली नाही की दार लाव. पदर तोंडात कोंबून खोकायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. ते ऐकून माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. दोर मीच सोडला आणि दार ओढून घेतलं. त्या रात्री मी किती सोलं चघळली देव जाणे, सकाळी तोंड सोलवटलं होतं. पण मांय शांत निजली. त्यानंतर दार रोज मीच लावायचे. भीती गेली म्हणून नाही. भीती होती तेवढीच होती, तिला उरावर घेऊन निजायचे.

एका दुपारी मांय डब्याच्या पायरीवर उन्हाला बसली होती. मी तिचे केस विंचरत होते. पुढल्या अंगणात पाहुणे कसलंसं संगीत लावून नाचत होते. मांय अचानक म्हणाली, "माका हांगा मरूंक नाका गो."

मी म्हटलं, "भलतंच काय बोलतेस? इथे मरायचं कोणी काढलं?"

तिने टाचेने डब्याच्या टायरवर ठोकलं. "हाका रोदां आसात. हाका भुंय खंय?" म्हणजे याला चाकं आहेत, भुई नाही.

आमच्याकडे माणसाची वेळ भरत आली की त्याला खाटेवरून खाली घेतात. जमीन शेणाने सारवतात, त्यावर निजवतात, तोंडात तुळशीचं पाणी घालतात. खाटेवर, अधांतरी जीव गेला तर तो अडकतो, असं जुनी माणसं मानतात. मांयने तिच्या सासूला असं खाली घेतलं होतं, नवऱ्यालाही घेतलं होतं. चाकांवरच्या पत्र्यात खाली घेतलं तरी ती जमीन नव्हेच. तिचं म्हणणं मला लख्ख कळलं. त्याहून जास्त एक गोष्ट कळली. रोज रात्री माझी थट्टा करणारी ही बाई माझ्यासारखीच त्या डब्यात कोंडलेली होती, फक्त तिला सोलांचा उपयोग नव्हता.

मी म्हटलं, "मी यांना सांगते. एक खोली रिकामी करू."

"ना, ना!" तिने माझा हात धरला. "पुताक सांगू नाका. ताणें कितले हौसेन हाडला. ताका कळल्यार तो उरचो ना. माज्या माथ्यार हात दवर."

मी तिच्या अर्ध्या विंचरलेल्या डोक्यावर हात ठेवला. भुंयेवर घेईन, आणि तिला डबो नको होता हे त्याला कळू देणार नाही. दोन्ही शब्द दिले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणावर ते सांगता येत नाही.

सीझन संपायच्या आधीच मांयला ताप भरला. म्हापशाला हॉस्पिटलात नेलं. छातीत पाणी झालं होतं, वयही झालेलं. आठवडाभराने डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, घरच्यांत असू दे. अशा बोलण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. नवरा कॉरिडॉरच्या कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहिला. मग डोळे पुसून माझ्याकडे आला. मधल्या खोलीचे पाहुणे परवा सकाळी जाणार आहेत, म्हणाला, तोवर मांयला डब्यात ठेवू. पंखा लावतो, गादी उन्हात घालून आणतो. बिचारा! तो मोटरसायकल घेऊन तयारीला पुढे गेला. मी नुसती मान हलवली. शब्द दिला होता ना.

ॲम्ब्युलन्सचं दार बाहेरून लागलं. काचा दुधी, बाहेरचं काही दिसेना. माझ्या छातीवर ते ओझं येऊन बसलंच. मी मांयचा हात धरून ठेवला. तिचे डोळे मिटलेले होते. शिवोलीचा पूल ओलांडला तेव्हा चाकांचा आवाज बदलला, त्यावरून कळलं की नदी मागे पडली. चोपडें आलं. आणि मांयचा श्वास बदलला. एक यायचा, मग खूप वेळ काही नाही, मग घशात अडकत दुसरा. सासऱ्यांच्या वेळी मी हे ऐकलं होतं. घर अजून लांब होतं. आणि घर म्हणजे तरी काय, तर डबो.

मी पुढच्या काचेवर मुठी आपटल्या. "गाडी थांबवा! थांबवा म्हणते ना!"

ड्रायव्हरने मान वळवली. माझा चेहरा घामाने भिजला असणार, पदर सुटलेला. तो म्हणाला, "बाये, भियेवं नाका, एसी वाडयतां."

"मला नको रे! हिला खाली घ्यायचंय. भुंयेर!"

तो शब्द ऐकल्यावर त्याने एक क्षणही दवडला नाही. गाडी बाजूला घेतली, मागचं दार उघडलं. आम्ही दोघांनी मिळून तिला उचललं आणि रस्त्याखालच्या मळ्यात नेलं. कापलेल्या भाताची खुंटं होती, म्हणून मेरेवरच्या, बांधाच्या सपाट गवतात निजवलं. सारवायला शेण कुठलं आणायचं? मी हाताने तेवढी जागा साफ केली. तुळस नव्हती, बाटलीतलं नुसतं पाणी बोटाने तोंडात घातलं. मांयने डोळे उघडले. वर पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा हात बाजूला सरकला आणि मातीवर पालथा पडला. ओठ हलले, पण शब्द आला नाही. थोड्या वेळाने श्वास यायचा थांबला. ड्रायव्हर पायातली चप्पल काढून उभा होता.

नवरा उलटा शोधत आला. मोटरसायकल रस्त्यात टाकून मळ्यात उतरला. आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या उघड्या गाडीकडे. त्याच्या मनात काय जुळलं ते मला समोर दिसलं.

"इल्लो वेळ कळ काडूंक जाली ना तुका?" थोडाही वेळ सोसवलं नाही का, असं तो म्हणाला. "घर आयिल्लें गे. इल्लो वेळ."

मी तोंड उघडलं. मांय आमच्या दोघांच्या मध्ये होती. मी तोंड मिटलं.

बाराव्यापर्यंत गावभर झालं, सुनेला बंद गाडीत घाबरायला झालं, तिने वाटेत थांबवलं, म्हातारी घराच्या दारी पोचली नाही. बायका माझ्यासमोर गप्प व्हायच्या आणि पाठ फिरली की पुन्हा सुरू. जाऊबाईने मोठ्याने म्हटलं, की गाडी पुढे गेली असती तर मांयला निदान आपल्या वाड्यात जीव सोडता आला असता. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या ड्रायव्हरला शोधावं असं कितीदा वाटलं. पण शोधून त्याने काय सांगितलं असतं? भुंय, एवढंच. मग पुढचं मला सांगावं लागलं असतं.

नवरा कधी पुन्हा त्यावरून बोलला नाही. उलट कोणी विषय काढला तर तोच माझ्या आजाराचं सांगून अडवायचा, "तिका दुयेंस आसा, तिचो दोस ना." पुढच्या सीझनला त्याने मधली खोली भाड्याने दिली नाही. माझ्यासाठी ठेवली. दोन खिडक्यांची खोली, दोन्ही रात्रभर उघड्या. मला तिथे झोप लागते. डबो त्याने एका शॅकवाल्याला देऊन टाकला.

मांयच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाली, माणसं गेली. आम्ही दोघं त्या खोलीत सुपारी कातरत बसलो होतो. त्याने अडकित्ता खाली ठेवला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून अगदी मायेने म्हणाला, "तूं मनाक लावन घेऊं नाका. मांयन तुका केन्नाच माफ केलां."

मी म्हटलं, "हय."