तारांवरचा हात

लाइट गेली तेव्हा आम्ही दुसरं गीत म्हणत होतो. कीबोर्ड बंद, माइक बंद, पंखे बंद. मंडळी एकदम गप्प झाली. त्या शांततेत एकच आवाज उरला. माझ्या गिटारचा.

मी थांबलो नाही. जी कॉर्ड, मग सी, मग परत जी. पहिल्या बाकावरच्या एका म्हातारीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या तालावर गायला लागली. तिच्यामागं अजून दोघं-तिघं. मला वाटलं, चाललं. आज जमलं.

कीबोर्डमागून सर उठले. आमच्या चर्चचं गायन-वादन तेच बघतात. शाळेत शिक्षक, म्हणून सगळे सरच म्हणतात. चार पावलं चालून ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या तारांवर हात ठेवला. आख्खा पंजा. आवाज जागीच मेला.

"थांब जरा," ते म्हणाले. "लाइट येऊ दे, मग वाजव."

मी त्रेचाळीस वर्षांचा माणूस. बायको समोर बसलेली. म्हातारीही गप्प झाली. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि माझ्या तारांवर दुसऱ्याचा हात.

दहा मिनिटांनी लाइट आली. सरांनी मानेनं खूण केली, आता वाजव. मी वाजवायला लागलो. तेवढ्यात त्या म्हातारीकडं नजर गेली. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. तेव्हा मी पहिल्यांदा पोटाला टेकलेल्या गिटारकडचा कान काढून स्पीकरकडं लावला. स्पीकरमध्ये कीबोर्ड होता. सरांचा आवाज होता. गाणाऱ्या बायकांचा आवाज होता. मी नव्हतो.

मी सेंट्रिंगचं काम करतो. स्लॅबखाली फळ्या ठोकतो, बल्ल्या लावतो. गाव लोहाऱ्याच्या बाजूला. आता कामासाठी तालुक्याला खोली करून राहतो. आमचा बाप, आबा, हलगी वाजवायचा. मांगवाड्यात जन्मला म्हणून वाजवायचा, कुणी विचारलं नव्हतं. गावातलं लग्न असो, मयत असो, जत्रा असो, आबा पुढं. वाजवताना पुढं आणि जेवताना सगळ्यात मागं. देवळाची पायरी चढायची नाही, खालीच उभं राहून वाजवायचं.

मी सात-आठ वर्षांचा होतो तेव्हा आमच्या घरानं बाप्तिस्मा घेतला. त्याच आठवड्यात आबानं विळ्यानं हलगीचं कातडं फाडलं आणि लाकडी कडं चुलीत घातलं. आई म्हणाली, "निदान ठिवायची तरी." आबा म्हणाला, "न्हाय. आता कुणाच्या दारात न्हाय वाजवायचं. येशूपुढं समदे सारखे हायेत." त्यानंतर आयुष्यभर आबानं कसलंच वाद्य हातात धरलं नाही. फक्त उपासनेत गीत सुरू झालं की त्याची बोटं मांडीवर चालायची. त्याला कळायचंसुद्धा नाही.

एकदा चर्चमधून बाहेर पडताना म्हणाला, "वर त्या गाणाऱ्यात आपला येक हात असावा बघ." एवढंच. मी चाळिशी ओलांडलेली, पण ते वाक्य मला चावत राहिलं. मी जुनी गिटार घेतली आणि मोबाइलवर बघून शिकायला लागलो.

सोपं नव्हतं. सिमेंटनं बोटांची टोकं दगड झालेली. तार टोचायची नाही, पण जाड बोट शेजारच्या तारेला लागायचं आणि भद्द असा आवाज निघायचा. एफ कॉर्ड तर आजही नीट लागत नाही. दुपारी कामावर सगळे सावलीला आडवे झाले की मी वाळूच्या ढिगावर बसून जी, सी, डी घोकायचो. मिस्त्री हसायचा. "का रं, हिरो व्हायाला निघालास का?" मी पण हसायचो. नऊ महिने लागले.

आमच्यात पहिलं पीक आलं की त्यातलं थोडं आधी चर्चमध्ये नेतात, वेदीपुढं ठेवतात. मग घरात खातात. मी आबाला म्हणालो, "वाजवून दाखवू का?" आबा म्हणाला, "पयलं देवाच्या घरात वाजीव. मी तितंच ऐकीन." म्हणून मी त्याला घरी कधीच ऐकवलं नाही.

सरांनी मला घेतलं. नाही म्हणाले नाहीत. गिटारला वायर लावून दिली, मागं कोपऱ्यात जागा दिली. मी त्यांचे पाय धरायचा बाकी होतो.

आबा गावाहून जीपनं यायचा. अकरा रविवार आला. पुढून तिसऱ्या बाकावर, पांढरा सदरा, डोळे मिटून. उपासना झाली की चहा घ्यायचा आणि म्हणायचा, "ग्वाड वाजीवलंस लेका." मग परत जीपनं गावी. त्या गच्च भरलेल्या जीपमध्ये गिटार न्यायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून गावाकडंही ती कधी गेली नाही.

एकदा आबानं विचारलं, "त्यो पेटीसारखा वाजतुय, त्यो तुजाच न्हवं?"

मी म्हणालो, "न्हाय आबा, त्यो सरांचा कीबोर्ड. माजा तारंचा आवाज. निराळा."

आबानं सदऱ्याची बाही सारखी केली. मग म्हणाला, "व्हय व्हय. ऐकला की."

मधे भावाचा फोन आला. हसत सांगत होता, "आबाला धाराशिवला कानाच्या डाक्टरकडं न्हेलं. डाक्टर म्हनला, वयाच्या मानानं कान झ्याक हायेत. तरी आबाचं येकच, माजं कान गेले, मला बारीक आवाज ऐकू येईना." मी पण हसलो. म्हातारपणाचं खूळ म्हणालो.

पावसाळ्याच्या तोंडाला आबा गेला. सकाळी अंथरुणातून उठलाच नाही.

महिन्याभरानं ती लाइट गेली.

उपासना संपल्यावर सगळे चहाला बाहेर गेले. मी आत थांबलो. गिटारची वायर हातात धरली आणि तिच्यामागं चालत गेलो. सतरंजीखालून, स्टँडच्या मागून, कीबोर्डच्या टेबलाखाली. तिथं सगळे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारा मिक्सर होता. सगळ्यांच्या वायरी त्यात घुसलेल्या. माझी नव्हती. माझ्या वायरीचं टोक टेबलाच्या पायाशी होतं. नीट गोल गुंडाळून, वर रबर लावून ठेवलेलं.

ते रबर बघून मी खाली बसलो. निघालेली वायर असती तर मी समजू शकलो असतो. निघते. पण हे कुणीतरी वाकून, वेळ काढून केलं होतं.

आबाचे कान गेले नव्हते. त्याला सगळं ऐकू येत होतं. फक्त मी ऐकू येत नव्हतो, कारण मी तिथं नव्हतोच. आणि माझा बाप दर रविवारी माझ्या तोंडाकडं बघून खोटं बोलत होता, मला वाईट वाटू नये म्हणून. स्वतःचेच कान फुटले असं समजून डॉक्टरकडं गेला. चर्चवर त्यानं संशय घेतला नाही. स्वतःच्या कानावर घेतला. मी त्या टेबलाखाली लहान पोरासारखा रडलो.

बाहेर सर चहा पीत होते. मी विचारलं, "किती दिवसांपासून?"

त्यांना लगेच कळलं. म्हणाले, "अरे, पहिल्यापासूनच. तुझं मन मोडू नये म्हणून बोललो नाही. तुझी हौसही झाली आणि उपासनाही बिघडली नाही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू ढोलकी घे. तुमच्या लोकांच्या हातात ताल असतोच, रक्तातच असतो तो. सुराचं काम वेगळं आहे."

तुमच्या लोकांच्या.

मी चांगला वाजवत नव्हतो. हे मी मान्य करतो. माझे कॉर्ड उशिरा बदलायचे. पण त्याच दिवसांत सरांची कॉलेजातली मुलगी कीबोर्ड शिकत होती. ती चुकली की तिची चूक स्पीकरमधून सगळ्या चर्चला ऐकू यायची, लोक कौतुकानं हसायचे, आणि पुढच्या रविवारी ती सुधारायची. तिला चुकायची मुभा होती, म्हणून ती शिकली. माझी चूकसुद्धा त्यांना चालली नाही.

सरांच्या घराला ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या. पण त्यांचा पणजोबा कुठून आला? आमच्यासारखाच कुठल्यातरी वाड्यातून, खांद्यावर काहीतरी अडकवून आला असणार. चार पिढ्यांत त्यांची स्वतःची वरची पायरी झाली, आणि पायरी झाली की खाली उभं करायला कुणीतरी लागतंच. आबाला वाटलं होतं, हे खाली-वर आपण गावच्या देवळापाशीच टाकून आलो. ते आमच्याबरोबरच आलं होतं, बाप्तिस्म्याचं पाणीही त्याला लागलं नव्हतं.

मी खांद्यावरचा हात काढला. जोरात नाही. धरला आणि खाली ठेवला.

"ढोलकी न्हाय," मी म्हणालो. "माझ्या बापानं हलगी फाडली ती तुमी परत माझ्या गळ्यात घालावी म्हणून न्हाय."

आमच्या चर्चचे पाळकसाहेब लगबगीनं आले. म्हणाले, "बंधू, सेवा नम्रतेनं करायची असते. विसरून जा. क्षमा कर." मी त्यांना विचारलं, "साहेब, तुमाला ठावं होतं का?" ते कपातल्या चहाकडं बघत राहिले. आजूबाजूचे पण आपापल्या कपात बघत होते. बायको एकटी माझ्याकडं बघत होती. नंतर ती म्हणाली, "मला वाटायचं, तुमचा आवाज सगळ्यात मिसळतो."

मी तिथंच, चहाच्या टेबलाजवळ उभा राहून मोठ्यानं सांगितलं. काय केलं, किती महिने केलं, कुणी केलं. आणि माझा बाप कानाच्या डॉक्टरकडं का गेला ते. सांगताना आवाज फुटला. फुटू दिला.

लोक म्हणतात, दुसऱ्या चर्चमध्ये जा. घरीच प्रार्थना ठेव. नाही. आबाला कबरीतून उठवून मी ऐकवू शकत नाही. ते गेलं. ते मला कुणी भरून देणार नाही, देवसुद्धा नाही, आणि यात दिलासा शोधायचा मला कंटाळा आलाय. पण मी हे चर्च सोडणार नाही.

येत्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाणार. माझी वायर मीच लावणार आणि आवाज मीच वर करणार. मी चुकेन. एफ लागणार नाही, भद्द आवाज निघेल, तो शेवटच्या बाकापर्यंत जाईल. ज्याला नको असेल त्यानं भर उपासनेत उभं राहावं, माझं नाव घ्यावं आणि मला का वाजवू द्यायचं नाही ते सगळ्यांदेखत तोंडानं सांगावं. गुपचूप मी आता कुणाला काही करू देणार नाही.