मास्तर, जरा बसा की

आमच्या ह्यांना उभं राहायचा रोग आहे. हसू नका, खरं सांगते. वाल्मिक गायकवाड असं नाव घेतलंत तर कोणी ओळखणार नाय, पण मुरबाडपासून माळशेजपर्यंत कुठल्याही फाट्यावर ‘मास्तर’ म्हणा, लोक लगेच सांगतील, ते वैशाखरे गावचे, एसटीचे कंडक्टर, उंच, डोकं गाडीच्या छताला लागायचं ते. एकतीस वर्षं नोकरी केली, रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी गाडीत पाय ठेवला की माणूस उभाच.

एसटीत कंडक्टरला स्वतःची सीट असते. तिच्यावर ह्यांनी कायम दुसऱ्यालाच बसवलं. कधी पोटुशी बाई, कधी काठीवाली म्हातारी, एकदा तर कोणाच्या कोंबड्यांची पाटी. हे आपले दांड्याला धरून. घरी बसतात, ओट्यावर बसतात, लग्नात पंगतीला सगळ्यांच्या आधी बसतात. फक्त गाडीत नाय.

आमचं लग्न माझ्या माहेरी झालं, खर्डीला. वऱ्हाड साध्या एसटीनं आलेलं, त्याच गाडीनं परत निघालं. नव्या नवरीला काय हवं असतं हो? नवरा शेजारी बसावा, एवढंच. शहापूरला गाडी भरली. कंडक्टर नवखा, पार गांगरला. झालं, आमचे उठले. पांढरा शर्ट, गळ्यात हार आणि हातात त्या कंडक्टरची तिकिटाची पेटी. “चला, पुढं सरका, पुढं मोकळं आहे!” सरकत सरकत माझ्यापाशी आले आणि मलाच विचारतात, “कुठं जायचं?” मी लाजून बोलले, “तुमी न्याल तिथं.” तर ह्यांनी “वैशाखरे, एक फुल” म्हणत तिकीट माझ्या हातात ठेवलं आणि गेले पुढं.

तेव्हापासून मी वाट बघते. आमची लेक श्वेता झाली, त्या वेळी मला मुरबाडला दवाखान्यात नेत होते, तेव्हासुद्धा हे जीपच्या मागं लटकलेले. कळा मला येत होत्या आणि ड्रायव्हरला सूचना हे देत होते. मी रागावले, रडले, माहेरी जाऊन बसले. हे न्यायला आले, तर परतीच्या गाडीत पुन्हा उभे.

श्वेता आमची एकुलती. नर्सिंग केलं, जपानी शिकली आणि तीन वर्षांपूर्वी जपानात गेली. तिथं म्हाताऱ्या माणसांच्या घरात काम करते. औंदा तिनं आमाला दहा दिवसांसाठी बोलावलं. मी मनात म्हटलं, विमानात तरी बसतील, विमानात उभं कोण ठेवतं! पण सीटा आल्या वेगवेगळ्या. पट्टा सोडायची परवानगी मिळाली आणि आमचं माणूस उठलं ते उठलंच. शेवटी मागं पडद्यापाशी त्या हवाई सुंदरीच्या बाजूला उभे राहून सगळी डोकी मोजली आणि मला येऊन सांगितलं, “गाडी फुल आहे.”

पहिल्या दिवशी श्वेतानं आमाला एका मोठ्या बुद्धमूर्तीपाशी नेलं. हात जोडले आणि माझे डोळेच भरून आले. बाबासाहेबांनी आमाला कुठं आणून सोडलं, असं वाटलं. संध्याकाळी लेक बोलली, “आई, अजून काय बघायचंय सांग.”

मी बोलले, “मला काय बघायचं नाय. एकदा फक्त ह्यांना माझ्याशेजारी बसव. गाडी सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत. मधे उठायचं नाय.”

श्वेता आधी हसली, मग माझं तोंड बघून जवळ सरकली. “उद्या तुमाला पार्कात नेते,” ती बोलली. “तिथल्या पाळण्यांना लोखंडी दांडा असतो. मांडीवर येऊन लॉक होतो. बाबांना उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाय.”

मला रात्री आनंदानं झोप लागली नाय.

पार्क म्हणजे आपल्या जत्रेतल्यासारखे चार पाळणे नव्हेत. अख्खं गाव वसवलेलं, त्याचे वेगवेगळे भाग आणि प्रत्येक भागाची वेगळी दुनिया. पहिला भाग बंदराचा. खोटं बंदर, खोटी गलबतं, खोटे बगळे, पाणी तेवढं खरं. होडीत बसायला दोनशे माणसांची रांग. ती रांग बघून मास्तर थक्क झाले. कोणाचा कोणाला धक्का नाय, कोणी रुमाल टाकून जागा धरत नाय, कोणी खिडकीतून पोरगं आत सोडत नाय. हे बराच वेळ बघत राहिले आणि बोलले, “असे पॅसेंजर मला एक दिवस मिळाले असते ना गो, मी पगार घेतला नसता.”

आमचा नंबर आला. मी आणि श्वेता होडीत चढलो. मी बाजूची जागा हातानं थोपटली. “या.” तर हे मागं वळून दोन म्हाताऱ्या बायकांना म्हणतात, “या आजी, तुमी बसा आधी.” मराठीत! आणि त्या बसल्या हो. होडी भरली. धक्क्यावर पितळेची घंटा टांगलेली होती, शोभेची. मास्तरांनी दोरी धरली, टण टण, दोन टोले दिले आणि ओरडले, “जाऊ दे!” नेमकी तेव्हाच होडी सुटली. तिथं टोपी घालून उभी असलेली पोरगी टाळ्या वाजवायला लागली. मी होडीतून लांब लांब जात होते आणि हे काठावरून मला हात करत होते.

“श्वेते,” मी बोलले, “तुझ्या बापाला मी एक दिवस घाटात ढकलीन.”

दुसरा भाग जंगलाचा. जंगल बघायला आमी वैशाखऱ्याहून जपानात गेलो, हे कोणाला सांगू नका. झाडांतून मान हलवणारे डायनासोर आणि त्यांच्यातून फिरवायला उघड्या जीपा. जीप बघितली आणि मी कपाळावर हात मारला. हुबेहूब आमच्या टोकावडे फाट्यावरची वडाप, माणसं कोंबून नेणारी! मी आत बसून मागं बघते, तर मास्तर मागच्या पायरीवर उभे. एक हात वर दांड्याला, दुसरा मोकळा, चेहऱ्यावर कसं समाधान.

“अहो, आत जागा आहे!”

“बस तू. मी मागं आहे, काळजी करू नको.”

तिथं कामाला असलेली दोन पोरं धावत आली. ओरडली नाय, काय नाय, कमरेतून वाकली. हेही वाकले. ती पुन्हा वाकली, हे पुन्हा वाकले. असं पाच-सहा वेळा झालं. तोवर मागं जीपांची रांग लागली. शेवटी श्वेतानं उतरून बापाला खाली ओढलं, आमची जीप तशीच पुढं पाठवली आणि ती दोघं मागच्या जीपमधून आली. मी एकटीनं सगळे डायनासोर बघितले. मला तर ते बरे वाटले, निदान जागेवर तरी होते.

तिसऱ्या भागात बर्फाचा डोंगर आणि त्या डोंगरातून भन्नाट पळणारी गाडी. तिलाच तो लॉक होणारा दांडा. श्वेतानं आमाला दोघांना आपल्या हातानं जोडीच्या सीटवर बसवलं आणि स्वतः पुढं बसली. बसले! देवाशप्पथ सांगते, बसले. माझ्या खांद्याला ह्यांचा खांदा लागला. तेहतीस वर्षांची बाई मी, म्हणजे लग्नाला तेहतीस वर्षं झालेली, पण छातीत कसं धडधडायला लागलं.

तेवढ्यात एक आजोबा आले, ऐंशीच्या पुढचे. घरचे सगळे चढलेले आणि त्यांना जागा उरली नाय. ते मागच्या गाडीनं यायला हसत तयार होते. पण आमचे? दांडा खाली यायच्या आत टुणकन उठले. “सिनियर सिटिझन! बसा बाबा, बसा.” आजोबांना दंडाला धरून माझ्याशेजारी टेकवलं, दांडा आला, लॉक झाला आणि गाडी सुटली.

पुढचं काय सांगू! गाडी अशी उलटीपालटी गेली की मी डोळे गच्च मिटले आणि जे हाताला लागलं ते धरलं. हाताला आजोबांचा हात लागला. त्यांनीही माझा घट्ट धरला. दोघंही बोंबललो, ते जपानीत आणि मी मराठीत. उतरल्यावर आजोबांनी मला चार वेळा नमस्कार केला.

आता तिथं एक सोय असते. गाडी खाली कोसळते, तेव्हा कॅमेरा आपोआप फोटो काढतो. श्वेता गेली आणि हसत हसत फोटो घेऊन आली, छान पुठ्ठ्यात घालून, वर प्लास्टिकची पिशवी.

चौथ्या भागात जुनं जपानी गाव होतं. लाकडी घरं, कागदाचे दिवे, चहाची टपरी. तिथं बाकड्यावर मास्तरांनी फोटो बघितला. मी आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकवलेलं, हातात हात, दोघांचे डोळे मिटलेले. अगदी लग्नातल्यासारखा फोटो.

“हा कोण?” हे बोलले.

“मला विचारता? तुमीच बसवलात त्याला.”

“हात का धरलायस?”

“मग काय तुमच्यासारखा दांडा धरू?” माझा आवाज चढला. टपरीवाली बघायला लागली, बघू दे. “तेहतीस वर्षं झाली, मास्तर! सगळ्या तालुक्याला जागा दिलीत. म्हाताऱ्यांना दिली, कोंबड्यांना दिली, आता जपान्यांना पण दिलीत. माझ्या बाजूची सीट म्हणजे काय धर्मशाळा आहे? मी बायको आहे का तुमची पॅसेंजर?”

ह्यांनी चहा तसाच ठेवला. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. मग श्वेताला विचारलं, “आता कुठली गाडी राहिलीय?”

“छोटी आगगाडी आहे बाबा. पार्काच्या सगळ्या भागांतून चक्कर मारते. वीस मिनिटं लागतात.”

“दोघांची सीट आहे?”

“आहे. पण शेवटच्या डब्यालाच, आणि तीही उलट्या तोंडाची.”

मास्तरांनी एकदा लांबून त्या गाडीकडे बघितलं. “चालेल,” बोलले.

आमी दोघं बसलो, श्वेता पुढच्या डब्यात. दांडा खाली आला, खट् झालं. मागून एक बाई दोन पोरं घेऊन येत होती. मी जीव मुठीत धरून ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी बाईकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. गाडी सुटली.

मला काय सुचेना हो! मी बडबडत सुटले. “बघा, बंदर आलं. बघा, ती तुमची घंटा. अहो, जंगल आलं, बघा तरी!”

“येऊ दे,” हे बोलले. डोळे मिटलेले.

मी नीट बघितलं, तर चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. “अहो, काय होतंय? छातीत दुखतंय का? श्वेताला हाक मारू?”

“नाय गो.” मग दात आवळून बोलले, “मला गाडी लागते.”

“काय?”

“बसलो की लागते. पयल्यापासून. उभं राहिलं की काय होत नाय. बसलो की पोट ढवळतं.”

मी आ वासून बघतच राहिले. माळशेज घाटात एकतीस वर्षं! लोकांना ओकायला पिशव्या देणारा माणूस, आवळा सुपारी वाटणारा माणूस आणि ह्याला गाडी लागते!

“अहो, मग सांगायचं नाय?”

“कंडक्टरला गाडी लागते म्हटलं असतं, तर डेपोत जगू दिलं असतं का मला?”

“डेपोत नका सांगू. मला सांगायचं!”

“तुला सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत वैशाखऱ्यात झालं असतं.”

आता हे खरं आहे. झालं असतं. पण तेहतीस वर्षं मी ह्या माणसाला दगड समजत होते आणि हा बिचारा नुसता पोट सांभाळत उभा होता. मला हसू यायला लागलं आणि रडूही, दोन्ही एकदमच. मी दांडा हलवायला लागले. “थांबा, मी सांगते त्यांना. गाडी थांबवू दे. तुमी उभे राहा.”

ह्यांनी माझा हात धरला. हात थंडगार. “नको. आज उठणार नाय.”

पुढं बर्फाच्या डोंगराचा बोगदा आला. गाडी आत वळली, बाहेर वळली, पुन्हा आत वळली. मास्तर बोलले, “ती पिशवी दे.”

“अहो, त्यात फोटो आहे!”

“म्हणून तर दे.”

दिली. बाकीचं सांगत नाय, तुमी जेवून बसला असाल. मी ह्यांची पाठ चोळली, पदरानं तोंड पुसलं आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवून घेतलं. बाहेर दिवे लागत होते, जुनं गाव मागं मागं जात होतं. कसलं सुंदर दिसत होतं! सगळं मी एकटीनंच बघितलं, पण ह्या वेळी मला राग आला नाय.

गाडी थांबली. दांडा वर गेला. लोक उतरले, ती दोन पोरंवाली बाई उतरली. टोपीवाली पोरगी येऊन आमच्यासमोर वाकली, म्हणजे आता उतरा. मी तिला हातानंच सांगितलं, जरा थांब बाई.

सगळे पॅसेंजर उतरून गेले, अख्खी गाडी रिकामी झाली आणि मास्तर माझ्याशेजारी बसलेले होते. मी काय लगेच उठते?